पिठात घासलेट कोणी सांडलं

डबा हातात आला की दादूस आधी तो कानाशी धरायचा. डोळे मिटून दोनदा हलवायचा, आतून कोणी उत्तर देणार असल्यासारखा थोडा थांबायचा, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "वाटाना!"

आमच्या चौकीवर डबाबंद रेशन खेचरांच्या पाठीवरून यायचं. वाटेतल्या बर्फाने डब्यांवरचे कागद भिजून गळून पडायचे. वर पोचेपर्यंत सगळे डबे सारखेच दिसायचे. आत मटार आहेत, मासे आहेत की अननस, हे देवाला ठाऊक आणि दादूसला. देवाचं मला माहीत नाही, पण दादूस निम्म्याहून जास्त वेळा चुकायचा. एकदा "वाटाना" म्हणून त्याने कढईत उपडा केलेल्या डब्यातून अननसाच्या चकत्या पडल्या आणि लसणाच्या फोडणीत तडतडायला लागल्या. तो जराही डगमगला नाही. रिकामा डबा आमच्याकडे वळवून म्हणाला, "डबा खोटा बोलला. त्याला मी काय करू?"

त्या दिवशी आम्ही अननसाची उसळ खाल्ली. चार दिवसांनी दोघा-तिघांनी ती पुन्हा मागितली.

दादूस आमचा स्वयंपाकी. फौजेत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात, आणि तो लंगर त्याचा होता. हुद्दा नायक, दंडावर दोन फिती. गाव धरमतरच्या खाडीकडचं, घरच्यांची मिठागरं. मी रोह्याच्या बाजूचा, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला, साधा शिपाई. चौकीवरच्या रेशनच्या कोठाराची किल्ली माझ्याकडे असायची. उत्तरेच्या सरहद्दीवर, हिवाळ्यात खालची वाट बंद झाली की तीन-चार महिने कोणी वर येऊ शकत नाही अशा जागी, आम्ही बावीस जण होतो. त्यात कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या रायगडातले, आम्ही दोघंच.

खाडीकडे थोरल्या भावाला दादूस म्हणतात. मी त्याला तशी हाक मारायला लागलो आणि महिन्याभरात अख्खी चौकी मारायला लागली. कप्तानसाहेबांना मराठीचा गंध नव्हता. त्यांना वाटलं हे त्याचं नावच आहे. "दादूस, चाय!" असं ते इतक्या रुबाबात ओरडायचे की जुना शिपाईही ताठ उभा राहावा. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्याने तशी ताकीद दिली आहे.

हे लिहायला मी पन्नासेक वर्षं उशीर केला. रोह्याकडे, आणि पेणच्या बाजारातही, दादूसबद्दल एक गोष्ट सांगतात. याने म्हणे सरहद्दीवर जवानांच्या पिठात घासलेट सांडलं आणि सगळ्यांना उपाशी मारायची वेळ आणली. ती गोष्ट खोटी आहे. मला पक्कं माहीत आहे, कारण ती मी पसरवली.

पण आधी माणूस कसा होता ते सांगतो.

त्याचा सरकारी मिठावर विश्वास नव्हता. घरून येताना तो खडेमीठ आणायचा, आपल्या आगरातलं, करड्या रंगाचं. आमचं तिथलं पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. त्याला चव म्हणून नसते. चहा केला तर गरम कागद प्यायल्यासारखं वाटायचं. दादूसने पहिल्याच आठवड्यात चहाच्या टोपात मिठाचा एक खडा टाकला. पोरांनी आरडाओरडा केला. वायरलेसवरचा सरदार हवालदार म्हणाला, "ओ दादूस, चाय है कि समंदर?" दादूस म्हणाला, "समंदरच हाय, सरदारजी. तुमी कधी बघितला नाय ना, म्हनून पाठवला कपातून." महिन्याभराने मिठाचा खडा विसरला तर तोच सरदार कप परत पाठवायचा.

दुसरी सवय जेवणाच्या आधीची. पंगत बसली की तो एकेकाला विचारायचा, "आज तुझ्या घरी काय शिजला असंल?" कोणी म्हणायचा मक्याची रोटी आणि साग, कोणी म्हणायचा इडली. मग दादूस वाढताना तसंच म्हणत वाढायचा. टोपात एकच डाळ असायची. पण याच्या ताटात "घे साग", त्याच्या ताटात "घे सांबार". आणि गंमत अशी की खाणाराही मान हलवून म्हणायचा, "आज साग चांगला झालाय." कोणी चेष्टेने "चिकन" म्हणाला तर डाव वर धरून दादूस म्हणायचा, "खोटा नको बोलू. आज मंगलवार. तुझी आई मंगलवारी चिकन करनार?"

साहेबांना वेगळं काही करायचा तो नाही. एक टोप, एक डाव. कोणीतरी सांगून पाहिलं की साहेबांच्या डाळीला वरून तूप घाल. तो म्हणाला, "मंग बावीस जनांना घालतो. नायतर मना कोनाला काय वाढला ते ध्यानात नाय रात." तूप बावीस जणांना पुरणारं नव्हतं, त्यामुळे साहेबही कोरडी डाळ जेवले. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

तिथे स्वयंपाक म्हणजे कुस्ती होती. इतक्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण हवं तितकं तापत नाही. दादूस हे फार छान सांगायचा, "हितला पानी सायबासारखा हाय. उकलतो लवकर, पन तापत नाय." भात बाहेरून गिच्च आणि आतून कणीदार राहायचा. राजमा तर गोळ्यांसारखा. प्रेशर कुकर होता. दादूस त्याला सूनबाई म्हणायचा. शिट्टी व्हायला वेळ लागला की म्हणायचा, "सूनबाई रागात हायत. हात नका लावू." पण सूनबाई एकट्या, आणि माणसं बावीस.

म्हणूनच तो सुट्टीवरून परत येताना घरचे पोहे घेऊन यायचा. वहिनी, म्हणजे दादूसची बायको, दारच्या भट्टीवर भात भाजून, उखळात कांडून पोहे करायची. जाडे, किंचित तांबूस, भाजल्या भाताचा वास असलेले. त्या वर्षी त्याने दोन गोण्या पोहे आणि एक पोतडी कडवे वाल आणले. खेचरवाल्याला काय सांगून वर चढवले ते त्यालाच माहीत. कप्तानसाहेब गोण्या बघून म्हणाले, "ये क्या, शादी में चिवडा बाँटना है?" दादूस म्हणाला, "साब, चावल को यहाँ पकाना पडता है. ये चावल घर से पक के आया है." साहेब हसले आणि म्हणाले, ठेव तुझ्या कोपऱ्यात, सरकारी कोठारात नको. म्हणून त्या गोण्या त्याच्या झोपायच्या फळीखाली गेल्या. बरं झालं गेल्या.

आता माझी गोष्ट.

आमच्याकडे पावसाचे चार महिने जमिनीला ओल असते. त्यामुळे जे जपायचं ते माळ्यावर. भात कणगीत, आणि बाकी सगळं, बियाणं, सुकी मासळी, घासलेटचा डबाही, वर माळ्यावर. जमिनीवर ठेवलेल्या डब्याचा तळ गंजतो हे मला आईने लहानपणी शिकवलं होतं. चौकीवर हुकूम असा होता की घासलेट कोठाराबाहेर, लांबच्या खड्ड्यात ठेवायचं. पण खड्ड्यात बर्फ भरायला लागला. रोज फावड्याने उकरून कॅन काढताना माझी बोटं सुजली. मग मी कोकणी डोकं चालवलं. कोठारात आट्याच्या थप्पीवर आडव्या फळ्या टाकून माळा केला, आणि घासलेटचे चार कॅन त्यावर नीट रांगेत ठेवले. स्वतःवर खूशही झालो. कोणाला विचारलं नाही.

थंडीने दोन कॅनची शिवण उकलली. किती दिवस ठिबकत होतं कोण जाणे. गारठ्यात नाक काम करत नाही. एका सकाळी दादूसने रोट्या केल्या, पहिली तव्यावर टाकली, आणि तव्याने भपकन पेट घेतला. सगळ्यांना आधी मौज वाटली. मग वास आला.

आट्याची सगळी थप्पी गेली. शेजारच्या तांदळाच्या गोण्या अर्ध्याहून जास्त गेल्या. वाट अजून बंद. आभाळ असं खाली उतरलेलं की विमानातून रेशन टाकणं अशक्य. वायरलेसवरून खालून उत्तर आलं, कमीत कमी तीन आठवडे धीर धरा. उरलेला तांदूळ, थोडी डाळ आणि ते नागडे डबे. मी कोठाराच्या दारात उभा होतो. दादूस आत गेला, माझा माळा बघितला, खालची पोती बघितली, माझ्याकडे बघितलं. बाहेर येऊन टाळ्या वाजवून ओरडला, "चला रं! आजपासनं पाहुनचार माझ्या घरचा!"

ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे होते असं मी म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण त्या चौकीवरच्या कोणालाही विचारा.

पोहे त्याने किती तऱ्हांनी केले! सकाळी गूळपोहे. दुपारी डाळीच्या पाण्यात भिजवलेले तिखट पोहे. कधी डब्यातल्या दुधात, कधी डब्यातल्या मासळीबरोबर. एक दिवस पोहे कुटून पीठ केलं, तिखट-मीठ घालून मळलं आणि लाट्या केल्या. पेणकडे पापड लाटताना जी कच्ची लाटी तेलात बुडवून पोरं पळवतात, तीच. शिजवायची गरज नाही. सरदार हवालदाराने एक लाटी तोंडात टाकली आणि लगेच दुसरी उचलली. मग म्हणाला, "दादूस, तुम्हारे यहाँ पापड बनने तक बचता कैसे है?" दादूस म्हणाला, "बायका काठी घेऊन बसतात."

पण खरा उत्सव वालांचा. नुसते वाल तिथे शिजले नसते. मोड आणले तर दोन शिट्ट्यांत मऊ होतात, हे आम्हा दोघांना ठाऊक. पण मोड यायला ऊब लागते, आणि तिथे तर रात्री पाण्याची बादली दगड व्हायची. दादूस एक दिवस विचार करत फिरला. संध्याकाळी त्याने भिजवलेले वाल मूठ-मूठभर फडक्यांत बांधले, बावीस पुरचुंड्या केल्या आणि फर्मान काढलं, प्रत्येकाने आपली पुरचुंडी कोटाच्या आत, बनियनच्या वर, पोटाशी बांधायची. झोपतानाही काढायची नाही.

"दादूस, ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

"साब, सबको दिन गया है," दादूस म्हणाला. हिंदीत त्याचा अर्थ काही लागला नाही. मी घाबरत समजावून सांगितलं की आमच्याकडे बाई गरोदर राहिली की असं म्हणतात. साहेब इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली. हसून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि स्वतःची पुरचुंडी मागून घेतली.

मग काय, दोन दिवस चौकीवर दुसरा विषय नाही. पहाऱ्यावरून आलेला माणूस पोटावर हात ठेवून हळूच बसायचा. कोणी कोणाला धक्का मारला की बाकीचे ओरडायचे, "अरे, हालत तो देख उसकी!" कोणाला आंबट हवं व्हायचं, कोणाला लोणचं. दादूस सुईणीसारखा सकाळ-संध्याकाळ फेरी मारायचा. थंडगार हात कोटात घालून चाचपायचा आणि हात लागला की समोरचा किंचाळायचा. "अजून दोन दिवस," तो गंभीरपणे सांगायचा, "ताप नाय ना? डावीकडं झोपत जा."

सरदार हवालदाराच्या वालांना आधी मोड आले. अंगानेच तो भट्टीसारखा होता. दादूसने पुरचुंडी सोडली, आतले पांढरे कोंब वर धरून दाखवले आणि जाहीर केलं, "झाला! बालबालंतीन खुशाल हायत." सगळ्यांनी सरदारला मिठ्या मारल्या. साहेबांचे वाल सगळ्यात शेवटी मोडावले. ते बिचारे दोन दिवस तोंड लपवत होते.

मग बावीस जण गोल बसलो आणि वाल सोलले. आमच्याकडे हे घरच्या बायकांचं काम, ओटीवर बसून, गावच्या कुचाळक्या करत. बंदुका धरायची सवय असलेली बोटं त्या निसरड्या दाण्यांना चिमटीत धरून सालं काढत होती. निम्मे दाणे उडून दुसऱ्याच्या दाढीत जात होते. बाहेर वाऱ्याने झेंड्याची काठी वाजत होती. त्या दिवशी दादूसने केलेलं बिरडं, आमसूल आणि सुकं खोबरं घातलेलं, पोह्यांवर ओतून आम्ही खाल्लं. कोणाच्या घरी काय शिजलं असेल हे त्या दिवशी त्याने विचारलं नाही. सगळ्यांना म्हणाला, "आज माझ्या घरी ह्याच शिजलाय."

वाट उघडली. खालून एक मेजरसाहेब चौकशीला आले. त्यांनी पीठ हुंगलं, फळ्या बघितल्या आणि आम्हाला रांगेत उभं करून विचारलं, "कॅन यहाँ किसने रखे?"

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, उघडलं होतं. पण आवाज निघायच्या आधी शेजारून दादूस म्हणाला, "मैंने, साब. घासलेट लंगर का, लंगर मेरा."

मी तोंड मिटलं.

त्याच महिन्यात दादूसला तिसरी फीत मिळायची होती. हवालदार व्हायचा होता. आमच्या भागात फौजेतून आलेल्या माणसाला त्याचा हुद्दा जन्मभर चिकटतो. हवालदार आले, हवालदार बसा. वहिनीने गावात सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं. ती फीत गेली ती गेलीच. दोन फितींवरच तो निवृत्त झाला. आणि वर पाठवलेल्या अहवालात कप्तानसाहेबांनी रेशन सांभाळणाऱ्या शिपायाचं, म्हणजे माझं, कौतुक लिहिलं. त्यांचा काय दोष? कोठाराची किल्ली माझ्याकडे होती, तीन आठवडे निभावले होते, आणि दादूस तर स्वतःच गुन्हेगार ठरला होता.

इथपर्यंत फक्त भित्रेपणा होता. पुढचं त्याहून वाईट आहे.

मी सुट्टीवर गावी आलो तेव्हा शाळेत माझा सत्कार झाला. नारळ, शाल, लाऊडस्पीकर. मी गोष्ट सांगायला लागलो. पोराबाळांसकट सगळं गाव समोर. कोणीतरी ओरडून विचारलं, "पण पीठ खराब केलं कोणी?" माझ्या तोंडून निघालं, "होता एक लंगरवाला, खारेपाटातला." लोक खदखदून हसले. आमच्याकडे खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकडच्या, माणसावर हसायला निमित्त लागत नाही. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, "आन् पोहे कुठले होते रे?" आणि मी म्हणालो, "आपले. रोह्याचे." टाळ्या थांबेनात. मला अजून त्या ऐकू येतात.

त्या एका टाळीसाठी मी वहिनीच्या उखळातले पोहे माझ्या गावाला देऊन टाकले.

गोष्ट एसटीत बसून दादूसच्या आधी त्याच्या गावी पोचली. तो निवृत्त होऊन आला, त्याने वडखळच्या नाक्याजवळ पोह्यांची टपरी टाकली, तोवर त्याचं नाव पडून गेलं होतं. घासलेट. रोह्याच्या गाडीचा कंडक्टर खिडकीतूनच ओरडायचा, "ओ घासलेट, दोन प्लेट! पेटणार नाय ना?" आणि दादूस आतून ओरडायचा, "काडी तू आन, मंग बघू!" टपरीतही त्याचे नियम होतेच. घाईतल्या गिऱ्हाइकाला तो वाढायचा नाही. "घाई हाय? मंग फुडं खांब गावाला खा. तितले पोहे पन घाईत असतात."

मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, चार माणसांत धुलाई होणार. त्याने मला बघितलं, फळी पुसली, बशी समोर ठेवली आणि म्हणाला, "मीठ बघ बरं." एवढंच. मी म्हणालो बरोबर आहे. नंतर कितीतरी वर्षं मी जाता-येता तिथे उतरलो, पोहे खाल्ले, लोकांनी त्याला घासलेट म्हणताना ऐकलं, आणि मीठ बरोबर आहे एवढंच सांगून गाडीत बसलो.

या वर्षी आमच्या गावच्या मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं. माझी गोष्ट त्यात छापायची होती. छपाईआधी वाचायला म्हणून कागद माझ्याकडे आले. मी तोंडाने सांगितलेलं खोटं हसण्यावारी गेलं होतं. छापलेलं तसं जाणार नव्हतं. माझ्या मागे ते खरं होऊन बसलं असतं, आणि दादूसच्या मागेही. मी कागद परत पाठवले, सांगितलं की चुकीचं आहे, नवीन लिहून देतो. आणि सकाळच्या गाडीने दादूसच्या गावी गेलो.

टपरी त्याने केव्हाच बंद केली आहे. अंगणात खाटेवर बसला होता. नव्वदीला आला आहे, कान शाबूत, दात नाहीत. मी सगळं एका दमात सांगितलं. माफी मागितली.

"लिही," तो म्हणाला. "पन नाव नको घालू. ह्या वयात लोक सत्काराला बोलवतात. मना लाऊडस्पीकरचा तरास होतो."

"दादूस, तेव्हा तू का बोललास?"

"तुझा तोंड बघितला. आपला तिथला भात असायचा ना, तसा झालता. वरनं गिच्च, आत कनी." तो हसला. मग हसायचा थांबला. "आन् मना वाटला, तू मागनं सांगशील. बरीच वर्सा वाट बघितली. मंग इसरलो."

मला खाली बघावं लागलं.

"वहिनीला तरी सांगायचंस."

"कसा सांगू? साहेबाला एक आन् बायकोला एक, ह्या मना जमत नाय. आन् तिनं रोह्याला येऊन तुना झोडपला असता." त्याने आत नजर टाकली. "तू सांग. पन जरा लांब उभा रा."

वहिनी मागच्या दारी तांदूळ पाखडत होत्या. मी हात जोडून उभा राहिलो आणि पुन्हा सगळं सांगितलं. माळा माझा, कॅन माझे, तोंड मिटलं ते माझं. त्यांच्या नवऱ्याची फीत माझ्यामुळे गेली. आणि पोहे रोह्याचे नव्हते, तुमचे होते, बावीस माणसं तीन आठवडे तुमच्या पोह्यांवर जगली.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता थोबाडीत पडली. पण त्या तडक पुढच्या अंगणात नवऱ्याकडे गेल्या, मी मागोमाग. "आन् तुमी पन्नास वर्सा गप? तिसरी फीत नाय म्हनून माझी जाव मना मरेपर्यंत टोमनं मारून गेली!"

"तू इचारला कुठं?" दादूस खाटेवरून म्हणाला.

"इचारायचा काय? सगला गाव सांगत होता!" मग त्या माझ्याकडे फिरल्या. डोळे भरले होते, पण आवाज करडाच. "भावोजी, पोहे कसं लागलं त्यांना? मऊ पडलं व्हतं का? त्या वर्सी भात जरा जास्त भाजला व्हता, मना आठवतंय."

मी म्हणालो, सरदार हवालदाराने बशी चाटली होती. कप्तानसाहेबांनी दोनदा मागून घेतले होते.

"साहेबानं?"

"साहेबांनी."

वहिनी कुडापाशी गेल्या आणि शेजारणीला हाक मारली, "अगो, हिकडं ये गो! हातातला टाक आन् ये!" शेजारीण आली. "सांगा भावोजी, पयल्यापासनं." मी सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "म्हंजे दादूस हवालदारच की गो!" मग तिची सून आली, तिला पुन्हा पहिल्यापासून. मग समोरच्या घरातले दोघे भाऊ आले. घासलेटच्या ठिकाणी मी जरा भरभर पुढे जायला लागलो की वहिनी हात वर करून थांबवायच्या, "थांबा. ह्या नीट सांगा. कॅन कोनी ठेवलं?" आणि मी सांगायचो, मी. दादूस खाटेवरून मधेच दुरुस्ती करायचा. पोतडी एक नव्हती, दीड होती. तवा पेटला तेव्हा त्याने शिवी दिली नव्हती, देवाचं नाव घेतलं होतं.

दिवसभरात मी ती गोष्ट सहा वेळा सांगितली. सहाव्यांदा घसा बसला. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठलो, तेव्हा वहिनी अंगणाच्या कडेपर्यंत सोडायला आल्या.

"उद्या सकालच्या यष्टीनं परत या, भावोजी. माझ्या माहेरची मानसा येनार हायत. आन् ता कॅनचा जरा मोठ्यांदी सांगा, माझ्या भावाला कमी ऐकू येतंय."